दाराचं काम

चोवीसशे रुपये तीन महिन्यांचे.
शनिवार-रविवार, चार ते सहा,
शाहूपुरीत, एका शाळेच्या वरच्या हॉलात.
पावतीवर छापलंय : नाट्य, नृत्य, अभिव्यक्ती.
शेवटचा शब्द मी दोनदा वाचला,
मग समिधालाच विचारला.
म्हणाली, आतलं बाहेर काढायचं, पप्पा.
मी उद्यमनगरात लेथवर उभा असतो,
बाहेरचं काढत जातो, आतलं राहतं.
एवढंच मला येतं.

आमच्या शॉपची सुट्टी सोमवारी.
म्हणजे दर रविवारी अर्धा खाडा,
शनिवारी मालकाकडं न बघता हात धुवायचे,
गाडीत पेट्रोल,
आणि खाली टपरीवर दोन तासांत तीन चहा.
तेही धरा.

टपरीवर सगळेच आपापला हिशोब ढवळत असतात.
बँकेतल्या एक बाई म्हणतात, धीटपणा येतो हो पोरांत.
चष्मेवाले एक गृहस्थ म्हणतात, स्कॉलरशिपचं वर्ष आहे,
आणि दर आठवड्याला येतात.
मेहुणा फोनवर म्हणतो,
दाजी, फुटबॉलला घाला की तिला,
निदान पळंल तरी.
वैजयंता म्हणते, आणि दोन महिने बघू.
ती प्रत्येक गोष्टीला दोन महिने देते.
मला पण दिलेले, लग्नाआधी.

मग नाटक बसलं.
राजा झाला, प्रधान झाला, दोन माकडं झाली.
समिधा दार झाली.
दार?
हो. हात असे आडवे धरायचे,
कुणी हाक मारली की उघडायचे.
बोलायचं काय?
दार कधी बोलतं का, पप्पा.

रात्री मनात भागाकार केला.
चोवीसशे भागिले एक दार.
आमच्या घराचं दार, कडीकोयंड्यासकट,
सुतारानं बरंच महाग केलं होतं, हे खरं,
पण ते रोज वापरात आहे.

शेवटच्या रविवारी हॉलात पंखे बंद, पडदा चादरीचा.
पाहुण्याचं काम करणारा पोरगा आला
आणि दारासमोर येऊन थांबला.
त्याला हाक मारायची होती.
ती त्याच्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच अडली.
कान लाल, ओठ हलतायत, आवाज नाही.
कुणाची तरी आई पुढून वाक्य सांगू लागली,
तसा तो अजूनच बारीक झाला.
सर विंगेत कागद चाळतायत.
मी खुर्चीची कड घट्ट धरली,
चकमधून जॉब निसटताना धरतो तशी.

आणि दार करकरलं.
आपणहून.
एक हात, मग दुसरा,
तेल नसलेल्या बिजागरीसारखं, हळूऽऽ.
हॉल हसला. पोरगा पण हसला.
आणि आत गेला.

नंतर सर म्हणाले, हे आम्ही बसवलं नव्हतं हं.
मी मान हलवली.
पण मला ते ओळखीचं वाटत होतं.
सेकंड शिफ्टवरून येतो मी,
गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करतो, कुत्री भुंकू नयेत म्हणून,
ढकलत आणतो,
आणि कडी वाजवायच्या आधी
वैजयंतानं दार उघडलेलं असतं.
समिधा तेव्हा झोपलेली असते.
असं आम्ही समजतो.

मग हे वर्गात शिकली का घरात?
घरात असेल, तर चोवीसशे कशाचे?
वर्गात असेल, तर स्वस्त पडलं.
आणि घरातलंच असलं तरी
ते बाहेर काढायला जागा लागली की नाही,
चादरीचा का होईना, पडदा?
माझ्याकडं व्हर्नियर आहे,
केसाच्या जाडीपर्यंत सांगतो.
याच्या दोन जबड्यांत हे बसत नाही.

पुढच्या तीन महिन्यांचा फॉर्म
टूलबॉक्सात आहे, ड्रिलबिटांच्या खाली.
सहीच्या जागी अंगठ्याचा तेलकट डाग पडलाय.
सोमवारपर्यंत द्यायचाय.

परत येताना दसरा चौकात सिग्नल लागला.
मागून ती कानाशी आली :
पप्पा, पुढच्या नाटकात सर मला खिडकी देणार आहेत.
खिडकीला तरी बोलायला आहे का काही?
नाही.
थोडं थांबून म्हणाली,
पण तिला सगळं दिसतं.

सिग्नल सुटला.
मागचा रिक्षावाला हॉर्न देत होता.