बंद

निपाणीच्या वखारी रविवारी सुट्टीवर,
तरी हवेत तंबाखूचा खकाणा असायचाच.
टॉकीजमध्ये पहिली गोळी सुटायच्या आधी
आम्हीच शिंकायचो.

सकाळी नऊचा खेळ, इंग्रजी, अर्ध्या दरात.
लाल माती, निवडुंग, फळ्यांचं गाव,
आणि लांबवर एक ठिपका.
ठिपक्याचा घोडा होईपर्यंत
सिनेमाला कसली म्हणून घाई नाही.
पुढच्या बाकावरचा तवनाप्पा मात्र
ठिपक्यालाच ओळखायचा.
मांडीवर थाप मारून म्हणायचा, "बंदऽ नोड!"
आला बघ.

मी गारगोटीचा, नवा. कन्नड येत नव्हतं.
वर्षभर मला वाटलं, हा दुकानांबद्दल बोलतोय.
कारण खरंच, स्वार गावात शिरला की
पडद्यावरची दारं धडाधड लागायची.

इंग्रजी तर कुणालाच येत नव्हतं,
त्यामुळे भांडण नव्हतं.

एकदा तिसरं रीळ संकेश्वरहून यायचं होतं.
तवंदी घाटात एस.टी. तापून उभी राहिली.
ऑपरेटरनं दुसऱ्याला चौथं जोडलं:
स्वाराचा हात एकदम फडक्यात गुंडाळलेला,
खाणावळवाली बाई त्याच्याशी बोलेना.
का, ते काय की.
मध्यंतरात तवनाप्पानं माझी दोन भजी खाऊन
अख्खं रीळ तोंडी दाखवलं.
एक नदी. तिथं शेरीफची हद्द संपते.
भाऊ पलीकडं, हा अलीकडं, घोडा मधे पाण्यात.
"हद्द कसली रे लेका,
घोडा पितोय की त्यातलंच."

परवा लेकीच्या मोबाईलवर तोच सिनेमा सापडला, पुरता.
तिसऱ्या रिळात नदी नव्हती.
पत्त्यांवरून बाचाबाची, एक बाटली फुटते,
हातात काच जाते, एवढंच.
मला त्या काचेचा राग आला.

पण तो ठिपका होता.
तळहाताएवढ्या उजेडात, तितकाच सावकाश.
पुढं ढकलायला अंगठा निघाला होता,
तो तसाच वर राहिला.
वारा, टोपीची कड, लगामाची कुरकुर,
आणि कुणीही काहीही न बोलता
गेलेली ती तीन मिनिटं.
लेक म्हणाली, अडकलंय का?

टॉकीजच्या जाळीच्या दाराला कुलूप आहे.
खडूनं कुणीतरी लिहिलंय: बंद.
बाजारातून येताना मी ते वाचतो,
शेवटचा अ जरा ओढून,
आणि वळून बघतो.

चिकोडीच्या रस्त्यावर धूळ.
धुळीत एक मोटारसायकल,
अजून ठिपकाच.