अर्धा पत्ता

दुकानात कात्र्या दोन. एक दोरीला बांधलेली,
दुसरी हरवते.
बांधलेलीनं मी गोळ्यांचे पत्ते कापतो.
"पाचच दे जी," म्हणतात लोक बुधवारच्या बाजारात,
पिशवीत वांगी, मुठीत सुटे पैसे,
आणि मी कापतो. औषधाच्या नावाचा
एक तुकडा माझ्याकडे राहतो, एक त्यांच्याकडे,
तारीख कुणाकडेच नाही.

वहीत मी रोग लिहीत नाही, दिवस लिहितो.
कोण आलं, किती नेल्या, पुन्हा कधी यायला हवं.
खोकलेवाले दुसऱ्याच दिवशी येतात, भांडायला.
दाढ दुखणारा रात्री शटर बडवतो.
चरबीच्या गोळीसाठी कुणी शटर बडवल्याचं
एकवीस वर्षांत ऐकलं नाही.
ती चुकली तरी माणूस सकाळी उठतो,
सायकल काढतो, तळ्यावर जातो.

कवडू नान्हे नागपूरहून आला तेव्हा
काउंटरसमोर शर्टाची बटनं सोडून हसला होता,
"तळ्यात माहं जाळं, छातीत डॉक्टरची जाळी.
आतमंदी कोणती मासोळी घावते, पाहू!"
तीन महिने पूर्ण पत्ते. मग पाच-पाच.
मग ‘सोसायटीचा पैसा आला का येतो’.
मग वहीत त्याच्या नावापुढं कोरी जागा,
आणि तो स्वतः समोरच्या टपरीवर
रोज चहा फुंकताना दिसणारा.
रस्ता ओलांडायला अकरा पावलं.
"मले काईच होत नाई आता," तो कुणाला तरी म्हणाला,
मी ऐकलं,
आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली शोधत राहिलो.

शेवंता हेमणेचं वेगळं. तिला घड्याळ कळत नाही.
नऊची मुक्कामी गाडी पिंपळाशी वळताना हॉर्न देते,
त्या हॉर्नला ती पाण्याचा पेला उचलायची. चार वर्षं.
एकशे ब्याऐंशीची चरबी चौऱ्याऐंशीवर आली,
साकोलीच्या डॉक्टरनं कागद दोनदा पाहिला.
मग गाड्या बंद झाल्या. संप कशाचा, तिला ठाऊक नव्हतं.
माझ्या वहीत तिचे पन्नास दिवस रिकामे,
कागदावर पुन्हा एकशे सत्तर.
"मी त वाट पाहत होती जी गाडीची,"
असं म्हणाली, जशी गोळी गाडीतूनच उतरणार होती.

तेव्हापासून नऊला मी मिस कॉल देतो.
आधी तिला एकटीला. मग होता होता सतरा जणांना,
शटर अर्धं ओढून, स्टुलावर बसून.
बायको जेवण झाकून ठेवते, काही बोलत नाही.
कवडूचा नंबर माझ्याकडे नव्हता.
घर माहीत होतं.

माघात तो आला, पोरानं धरून आणलेला.
तोंड थोडं एकीकडे, डावा हात
कुणीतरी विसरून गेल्यासारखा लोंबता.
जाळ्याची गाठ दोन हातांची असते, मनात आलं,
आणि आल्याची लाज वाटली.
सवयीनं दोरीची कात्री उचलली.
त्यानं उजवा हात माझ्या मनगटावर ठेवला.
शब्द गाळातून वर यावेत तसे आले,
"कापू... नोको गा."

डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू असत्या तर
झालंच नसतं असं नाही.
शक्यता कमी असती, एवढंच.
हे ‘एवढंच’ वहीत कुठं लिहायचं,
रकाना सापडला नाही.

आज अठरावा नंबर लावला. दोनदा वाजला, कापला,
म्हणजे पोरगं जागं आहे.
शेवंताबाईनं मात्र फोन उचलला.
उचलायचा नाही, असं ठरलेलं.
"काय झालं वो?"
"काई नाई जी. घेतली गोळी.
गाडीबी सुरू झाली आता, दोनी संगंच वाजते."
मग मी बंद करू का, विचारलं.
ती थोडा वेळ गप्प. मागं कुणाचं तरी भांडं पडलं.
"वाजवत जा," म्हणाली.
"गाडीचा काई भरोसा नाई."