तळाशी गेलेला थेंब

इलोइलोच्या बंदराजवळ, चर्चमागच्या बास्केटबॉल कोर्टावर
आम्ही अकरा खाटा मांडल्या होत्या.
आदल्या रात्रीचा गुणफलक कुणी पुसला नव्हता:
पाहुणे ५२, यजमान ४९.
त्याच्याखाली मी, रजिस्टर
आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्याची बाटली.

बोटाचा थेंब त्यात सोडायचा.
बुडाला तर रक्त पुरेसं जड.
तरंगला तर माणूस घरी, लोहाच्या गोळ्या घेऊन.

नियम सांगतो, आधी प्रश्न, मग सुई.
त्या सकाळी रांग फाटकाबाहेर गेली होती,
मी क्रम उलटा केला.
रजिस्टरमध्ये हे नाही. इथे लिहिते आहे.

एलपिडिओ सुमागायसाय. वय एकोणसाठ.
काम: जाळी दुरुस्त करणे.
डाव्या हाताची अनामिका त्याने न सांगता पुढे केली,
टोक नव्हे, जरा कडेची बाजू, जिथे कमी दुखतं.
एवढं ठाऊक असलेला माणूस नवखा नसतो.
थेंब पडला. पाण्यात क्षणभर घोटाळला.
मग सरळ तळाशी.

"गेल्या साली बायकोला दोन पिशव्या चढवल्या," तो म्हणाला.
"कुणाच्या, विचारलं, तर नंबर दाखवला.
किती द्यायचे, विचारलं, तर म्हणाले
तपासणीचा खर्च तेवढा, रक्ताला किंमत नाही."
तो हसला. दोन दात नव्हते.
"मला तर किंमत तोंडपाठ होती."

मी सतरावा प्रश्न वाचला:
रक्ताचे पैसे कधी घेतले आहेत का?

माझ्यामागे पंखा घरघरत होता.
'नाही' म्हणाला असता तर मी 'नाही' लिहिलं असतं,
पुढची खाट रिकामीच होती.

"कायदा यायच्या आधी," तो म्हणाला,
"फळवाल्याच्या डोक्यावर, जिन्याने वर, एक दुकान होतं.
तिथे माझी तीन नावं होती.
वजन भरावं म्हणून खिशात जाळ्याची शिसं घालून जायचो.
लोक कष्टाला रक्ताचं पाणी म्हणतात,
मी रक्ताचा तांदूळ केला, बाई, नऊ वर्षं.
एकदा डोळे पिवळे झालेले असतानाही गेलो.
कुणी पापणी उचलून बघितली नाही.
मग एक दिवस सरकारी बाई आली,
दाराला कागद चिकटवला, कुलूप घातलं.
आम्ही सात-आठ जण जिन्यावरच होतो.
मी तिला आईवरून शिवी दिली.
त्या रात्री घरात चूल पेटली नाही."

तो थांबला. बोटावरचा कापूस उलटा करून पाहिला.

"ती पिवळी पिशवी कुणाला गेली असेल?
तिच्यावर तर नंबरही खोटाच होता."

मी काही बोलले नाही.
"हो लिहा," तो म्हणाला.

मी 'हो' लिहिलं. मग शिक्का, जांभळ्या शाईचा:
कायमचे अपात्र.
हा नियम मी दुसऱ्यांना शिकवते.
तो का आहे ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.
त्या दिवशी शिक्का नीट उमटला नाही,
दुसऱ्यांदा मारावा लागला.

सरबत आणि बिस्किटं रक्त दिलेल्यांसाठी असतात.
मी पुडा पुढे केला, तर त्याने हात मागे घेतला.
"फुकटचं नको," म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर
दचकल्यासारखा झाला.
मग दुपारभर कोर्टाच्या कडेला बसून राहिला.
एका पोराला सुईकडे बघून घेरी आली, तेव्हा
त्याचे पाय उंच धरून ठेवायला तोच धावला.
संध्याकाळी खुर्च्या आवरल्या त्याने.

तो गेल्यावर मी निळी बाटली नळाखाली धरली.
बुडाशी तपकिरी गाळ साचला होता, दिवसभराचा,
एकशे चौदा माणसांचा,
कोणता कुणाचा ते कळायची सोय नाही.
त्यात त्याचा एक.
साठ वर्षांत बिनपैशाने दिलेला बहुधा पहिलाच,
आणि तो मी मोरीत ओतायला निघाले होते.

ओतला. नियम तसाच आहे.
नळ मात्र बराच वेळ चालू ठेवला.