वेलांटीचा फरक

अथणीत मोटार स्टँडच्या मागं आमचा छापखाना.
डाव्या कपाटात कानडी खिळे, उजव्यात मराठी,
मधे वडिलांची खुर्ची. आता तिच्यात मी बसते.
लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल,
आणि बारा वर्षं
शिंत्र्यांच्या वाईनची लेबलं मंगळवारी,
बिरादारांची गुरुवारी.
दुसऱ्याच्या वारी दोघांतला एकही माझी पायरी चढत नसे.

दोघांची रानं तेलसंगच्या वाटेला, मधे एक बांध,
बांधावर बोरीचं झाड.
बोरं खाली पडून सडत,
कारण ती कुणाची, हे ठरलं नव्हतं.
शिंत्रे म्हणत, बिरादार साखर घालतो.
बिरादार म्हणत, शिंत्रे पाणी.
आणि बेळगावात, कॅम्पातला हॉटेलवाला
दोघांच्याही बाटल्या तळच्या फळीवर ठेवी,
फिनेलच्या शेजारी.
"अथणीची ना? रश्श्यात ओतायला बरी."
मी ऐकलं होतं. दोघांनाही सांगितलं नव्हतं.
गिऱ्हाईक देव असतं, आणि दोन देव सांभाळायचे
तर जीभ वहाणेसारखी दाराबाहेर ठेवावी लागते.

मग त्या मार्चात शिंत्र्यांचा चिलर जळला.
टाकीत चार हजार लिटर शिराज,
काटा पस्तिसावर, रात्रीचा दीड,
मिरजेचा मेकॅनिक फोन उचलेना.
बिरादाराला म्हणे वास गेला.
दुसऱ्याचं नासतंय हे आधी नाकाला कळतं.
तो ठिबकचा जाड पाईप ओढत आला,
बोरीच्या काट्यांतून, लुंगी फाडून घेत,
आणि पलीकडूनच ओरडला,
"मनोहरा, तोंड उघड!"
टाकीचं, असं त्याला म्हणायचं होतं.

त्याच्या थंड टाकीत त्याची स्वतःची अर्धी होतीच.
"मिसळंल की रे," शिंत्रे म्हणाले.
"मिसळू दे. नासण्यापेक्षा बाटलेली बरी."

दिवाळीच्या आसपास ती त्यांनी उघडली,
बांधावरच, स्टीलच्या पेल्यांत,
जोंधळ्याची भाकरी, एण्णगाई, शेंगाचटणी.
भारी नव्हती.
जेवणाशेजारी मांडी घालून बसणारी होती.
घास, घोट, घास,
कुणी कुणाला ढकलत नव्हतं.
बराच वेळ दोघं बोलले नाहीत.
मग बिरादार म्हणाला, "पाणी घालत नव्हतास तर."

बुधवारी ते एकत्र आले. मी खुर्चीतून उठलेच.
लेबल एकच. पण वर नाव कुणाचं?
वर लिपी कुठली?
तीन चहा झाले. एकदा बिरादार चप्पल घालून निघालासुद्धा.
मी उजव्या कपाटातून दोन अक्षरं जुळवली: गडी.
खेळातला भिडू, रानात सोबत राबणारा.
डाव्यातून तीच दोन: गडि.
कानडीत सीमा.
"सीमा? बाटलीवर?" बिरादार म्हणाला,
"तिनं आजवर पाट्या फोडायला दगड दिले."
"अरे, गडी आहे तो," शिंत्रे म्हणाले,
आणि मग दोघं तो शब्द आळीपाळीनं म्हणत बसले,
एकाची वेलांटी आखूड, एकाची लांब,
गुळणी करून चव घ्यावी तसे.

आता ऐगळी, कोहळ्ळीचे धरून सात जण आहेत.
नियम एकच: प्रत्येकाची टाकी इतर सहांनी चाखायची.
पहिल्याच वर्षी शिंत्र्यांची टाकी नापास झाली.
पंधरा दिवस त्यांनी कुणाचा नमस्कार घेतला नाही.
सोळाव्या दिवशी टाकी स्वतः ओतून दिली
आणि बिरादाराला विचारलं, तू धुतोस कशानं?

कॅम्पात बाटली एक फळी वर गेली आहे.
एकच. पण फिनेल खाली राहिलं.
बोरं कुणाची, ते अजून ठरलेलं नाही.

परवा नव्या लेबलाचं प्रूफ काढलं.
घाईत कानडी बाजूची वेलांटी मी लांब केली होती.
बिरादार बघून "सरी" म्हणून गेला.
चूक शिंत्र्यांनी पकडली.