आकडा

पहिल्यांदा मी एकशे अठ्ठेचाळीस लिहिलं.
निळ्या पेनाने, रकान्यात नीट.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हमाल भवन,
बाहेर हळदीच्या पोत्यांची थप्पी,
आत आम्ही अकरा जणी, दुसऱ्या वर्षाच्या,
आणि चार मशिनी, त्यातल्या एकीचा फुगा गळका.
भूपाल मगदूम, वय एकसष्ट, समोर बसले
तेव्हा खुर्ची करकरली.
कमरेला पोती ओढायचा आकडा तसाच.
दंड एवढा की नेहमीचा पट्टा पुरेना,
मोठा शोधून आणला.
"काय होत न्हाई मला," म्हणाले,
मी काही विचारायच्या आत.

एकशे साठपर्यंत फुगवलं.
पुस्तकातला माणूस साधारण तेवढ्यात आटोपतो.
कानात काही नाही. सावकाश सोडलं.
एकशे अठ्ठेचाळीसला टक्, टक्, टक्.
आलाच की, म्हटलं.

सॅलोमी सातपुते सिस्टर मागे उभ्या होत्या.
मिरजेत तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला आवाज,
तो कधी चढत नाही.
"आधी नाडी धरली होतीस?"
धरली नव्हती.
"मग तू मधूनच ऐकायला लागलीस का,
हे तुला कळणार कसं?"

थांबलो. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत,
पाय जमिनीला टेकलेले, बोलायचं नाही.
हे शेवटचं त्यांना जमेना.
मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, माझी तीन बोटं.
"आमच्यात पूर्वी सौदा असाच व्हायचा," ते म्हणाले,
"रुमालाखाली बोटं. तोंडानं एक शबूद न्हाई.
भाव बोटाला कळायचा."

फुगवत गेले. एकशे साठ. नाडी आहे.
एकशे ऐंशी. आहे.
नव्वदच्या पुढे बारीक झाली,
एकशे शहाण्णवला बोटांखालून निसटली.
त्याच्यावर आणखी तीस.
मग सोडलं, दोन-दोनच्या पायरीने.

टक्. एकशे शहाण्णव.
टक्, टक्, ऐंशीच्या घरापर्यंत.
आणि मग काही नाही.
काटा उतरतोय, रक्त जातंय,
हृदय आपलं काम करतंय,
आणि कानात नुसती शांतता,
सौदे संपल्यावर दुपारी यार्डात पसरते तशी.
मघाशी मी हिलाच कान लावून बसले होते.
एकशे अठ्ठेचाळीसला आवाज परत आला,
मधे कुठे गेलाच नव्हता असा.
एकशे सहाला मिटला.

पाच मिनिटांनी, दुसऱ्या हातावर, पुन्हा तेच.

"कुठला आकडा लागला, बाई?"
शेजारचे दोघे हसले.
मी सांगितला. हसू थांबलं नाही, जरा कमी झालं.
डोकं दुखतं? न्हाई. छातीत? न्हाई.
दम लागतो?
"पोतं उचलल्यावर कुणाला लागत न्हाई?"
गोळी चालू होती कधी?
होती. दिवाळीत. पंधरा दिवस.
बरं वाटलं, बंद केली.

बरं वाटलं.
हे लिहायला मी फॉर्मवर जागा शोधली, नव्हती.

सिस्टरांनी माझा पहिला आकडा गिरवू दिला नाही.
एकच आडवी रेघ, शेजारी सही, वेळ.
"चूक दिसू दे. पुढच्या पाळीतल्या मुलीला कळायला पाहिजे."

आजच सिव्हिलला जा, म्हटलं.
"आज गाडी भरायचीय."
चिठ्ठी टोपीत सारून ते गेलेसुद्धा.
खिडकीतून दिसले, पाठ वाकवून पोत्याखाली शिरताना.
सिस्टर उठल्या. भर उन्हात, डोक्यावर पदर न घेता,
मुकादमापुढे जाऊन उभ्या राहिल्या.
काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.
पोतं खाली ठेवलेलं दिसलं.

रात्री होस्टेलवर पट्ट्याचं कापड धुतलं.
पिवळं गेलं नाही.
उन्हात टाक, स्टेलाने सांगितलं, हळद उन्हाला जाते.
मग जतला आईला फोन केला.
डोकं जड वाटतं म्हणत होतीस ना, विचारलं.
"ते व्हय? गेलं की ते. मला काय होतंय?"
रविवारी येते, म्हटलं.
बाही सैल असलेला झंपर घालून बस.