सिंगल कॉलम

रात्री पावणेबाराला बातमी पडली. एजन्सीची, सहा ओळी.
यझ्द नावाचं गाव. विणकरांचं.
तिथल्या एका साप्ताहिकात शोलेह दरबंदी नावाच्या बाईनं लिहिलं
की गिरणीतल्या लोकांना सात महिने पगार नाही.
गिरणीला काही झालं नाही.
साप्ताहिकाला कुलूप. बाईला पाच वर्षं.

मी भाषांतराला बसले.
डेस्कवर मी, आणि पान सहा लावणारा श्रीहरी कोंड्याल,
डुलक्या घेत.

भाषांतर करण्यासारखं फार नव्हतंच.
कैद, जप्ती, जबानी.
हे शब्द तिकडूनच आलेले, कधीतरी, घोड्यावर बसून,
आमच्या चावडीत उतरले ते परत गेलेच नाहीत.
अडले ते एका शब्दापाशी: कलम.
तिच्याकडे लेखणी.
आमच्या फौजदार चावडीत गुन्ह्याचा आकडा.
तिच्या हातात जे होतं तेच तिच्यावर लावलं,
असं लिहावंसं वाटलं.
बातमीत असं लिहीत नाहीत.

चादरही तिकडचीच.
तिथं ती डोक्यावरून घसरली तर चौकशी.
इथं, पूर्व भागात, तिच्यावर आमची चूल चालली.
माझा नायना जकार्डचे पुठ्ठे छेदायचा,
साखर पेठेत, खिडकीपाशी, रॉकेलच्या पालथ्या डब्यावर बसून.
मोर हवा असेल तर आधी भोकं.
मला वाटायचं, भोक म्हणजे तिथं काही नाही.
तो म्हणायचा, येडी, भोक असतं
तिथंच तर दोरा वर येतो.
एखादं चुकून जास्त पडलं
की मोराला तिसरा पाय फुटायचा
आणि शेठ तो पाय नायनाच्या पगारातून कापायचा.

तीसच्या साली या गावात मार्शल लॉ होता.
दर जानेवारीला चौकात हार पडतात,
तो फोटो आम्ही चार कॉलम छापतो.

साडेबाराला साहेबांचा फोन.
वाढदिवसाची जाहिरात आलीय, उशिरा, पण रोख.
इराण काढ. इराण इथं वाचतंय कोण?
मी बरं म्हटलं.
हे नीट लिहून ठेवते: मला कुणी दरडावलं नाही,
दारात गाडी थांबली नाही,
मी घरी जाऊन भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली असती, नेहमीसारखी.
मार्चात टॉवेल कारखान्यातल्या फंडाची माझी बातमी गेली
तीही अशीच, जागेअभावी.
आमच्याकडे जागेअभावी बरंच काही होतं.

श्रीहरीनं जाहिरात बसवली.
भाऊ, दादा, आधारवड, हात जोडलेले, दात पांढरे.
मग न विचारता तिची चौकट खालून जराशी दाबली.
दोन सेंटिमीटर, म्हणाला. मावतंय का बघ.

सहा ओळींतून काय काय टाकायचं?
न्यायालयाचं नाव टाकलं. तारीख टाकली.
बाईच्या वकिलाचं म्हणणं टाकलं,
तेव्हा हात थांबला होता, तरी टाकलं.
बाईचं नाव ठेवलं. सात महिने ठेवले.
खाली लगेच निविदा: बोअरवेल दुरुस्ती.

सकाळी अशोक चौकात, चहाच्या टपरीवर, यल्लप्पा बुरा.
गिरणी बंद पडली तेव्हा साच्यावर होता.
तेव्हापासून पेपर निविदांसकट वाचतो,
बोट फिरवत, दोरा तुटलाय का बघावं तसा.
बोट थांबलं.
सातच महिने? म्हणाला.
चहावर साय धरली.
आणि हे लिहिलं म्हणून बाई आत?
मी मान हलवली.
हे गाव कुठं आलं की ओ पोरी,
अक्कलकोटच्या पलीकडं?

मी हो म्हटलं.