जाऊ

पहिलं सेवासीच्या रस्त्यावर.
फाटकाशीच थंडगार ताक,
मिठाईसारखं वर्ख लावलेलं माहितीपत्रक,
आणि टॅबलेट छातीशी धरलेली धृतिबेन:
‘आंटी, तुमची लाइफस्टाइल सांगा,
तसं घर सुचवते.’

हेमलता माझ्याकडे बघते, मी हेमलतेकडे.
दांडिया बाजारच्या तिसऱ्या मजल्यावर
एकाच शेगडीवर एकोणचाळीस वर्षं
दोघींनी दोन वरणं केली,
तिचं गुळाचं, माझं बिनगुळाचं.
ह्याला लाइफस्टाइल म्हणतात
हे कुणी सांगितलं नव्हतं.

योगा? भजन? कॅरम? बागकाम?
हेमलता सगळ्याला हो.
लायब्ररीत जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर
आकडे चिकटवत आलेली मी
कशालाच नाही.
रात्री अडीचला उठून चहा करते,
असा चौकोन नव्हता.
भांडण झालं की तीन दिवस बोलत नाही
पण ताट झाकून ठेवते,
असाही नव्हता.

तिथलं गवत इतकं हिरवं
की चप्पल काढावीशी वाटली.
स्वयंपाकघर नाही. केटली ठेवायला कोपरा आहे.
नऊनंतर शांतता.
हेमलता रेडिओ लावते तोच मुळी नऊला.
मला बरं वाटलं,
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

दुसरं वाघोडियाकडे.
तिथे पलंगाच्या उशाशी एक लाल दोरी,
ओढली की माणूस येतो.
हेमलतेनं तिथल्या तिथे ओढली.
आम्ही दोघी घड्याळाकडे बघत उभ्या.
चार मिनिटं.
आला तो डभोईकडचा पोरगा, जेवता जेवता उठलेला,
बोटांना डाळ.
‘शुं थयुं, बा?’
‘काही नाही रे. येतोस का बघत होते.’

परतताना ती गप्प.
विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा अडकली,
लोक कठड्यावरून वाकलेले,
खाली चिखलात मगर उन्हाला पडलेली,
जबडा उघडा, कुणाला काही भरून न देता.
मगरीकडे बघतच हेमलतेनं विचारलं,
‘त्या रात्री ह्यांना कसंसंच झालं, मी हाक मारली,
तेव्हा तू किती मिनिटांत आलीस?’

‘मधे भिंतच तर होती.’

‘तरी.’

‘मोजलं नाही गं.’

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मगर हलली नाही.

तिसरं पादऱ्याच्या वाटेवर.
ताक नाही. पाटीवरचा रंग उडालेला.
व्हरांड्यात दोन निवृत्त मास्तर, एक गुजराती, एक आपला,
फळ्यावरच्या सुविचारातल्या वेलांटीवरून
अक्षरशः हातघाईवर.
कुणीतरी आत मेथी फोडणीला टाकली होती, आणि जळली होती.
व्यवस्थापक जसुभाई ओशाळून म्हणाले,
‘बे रूम साथे छे, पण भिंत पातळ आहे हां,
पलीकडचं सगळं ऐकू येतं.
लोक तक्रार करतात.’

मी एका खोलीत गेले, ती दुसऱ्या.
बोटाच्या पेरानं ठक.
थोडा वेळ काहीच नाही.
मग पलीकडून, बांगडीनं:
ठक ठक.

छापील अर्ज एकच, कार्बन लावलेला.
नावं, रक्तगट, गोळ्या,
‘तातडीच्या वेळी कुणाला कळवावं’.
तिथे मी तिचं लिहिलं, तिच्यात तिनं माझं,
जसुभाईंनी चष्मा वर केला,
म्हणाले, असं चालत नाही, बाहेरचं कुणी द्या.
मग पुण्याच्या भाच्याचा नंबर दिला,
जो उचलत नाही.

आणि ‘नातं’.
मी लिहिलं: जाऊ.
जसुभाईंनी अक्षर लावून वाचलं,
‘जाउं? क्यां जाउं?’

हेमलता हसायला लागली.
डोळे पुसत म्हणाली, ‘कुठ्ठे नाही हो, इथेच.’
मग सही केली, माझ्याच पेनानं,
आणि पेन स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

गुळाचा डबा कुणाच्या खोलीत राहणार
ह्यावरून रिक्षा येईस्तोवर
आमचं वाजलं.